ट्रंकेतल्या तबकड्या आणि डोंगरावरचे चौंडके

निपाणीहून आपण लिहिले आहे की आजोबांच्या मागे घरात एक पत्र्याची ट्रंक निघाली. तीत साठेक जुन्या तबकड्या, चावीचा फोनो आणि वीस-पंचवीस कॅसेट आहेत. फोनो अजून फिरतो. या तबकड्या त्यावर वाजवाव्यात का, हा आपला पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न मित्रांशी चाललेल्या वादातून आलेला दिसतो: तबकडीवरचे लोकगीत खरे मानावे, की सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर आणि चिंचलीच्या जत्रेत समोर बसून ऐकलेले तेवढेच खरे? मी बेळगावच्या शहापुरात गेली 35 वर्षे रेडिओ आणि फोनो दुरुस्त करतो, जुन्या ध्वनिमुद्रिका संगणकावर उतरवून देतो आणि जत्रा-जागरणांना रात्र रात्र बसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची थोडी ओळख आहे. आपले मित्र अर्धे बरोबर आहेत. उरलेले अर्धे समजून घ्यायला आधी तबकड्या शाबूत राहिल्या पाहिजेत, म्हणून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

त्या फोनोवर वाजवू नका. फोनोच्या साउंडबॉक्सचे, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीचे, वजन 100 ग्रॅमच्या पुढे असते आणि ते सगळे एका पोलादी पिनेच्या टोकावर येते. तबकडीच्या मिश्रणात लाखेबरोबर दगडाची बारीक भुकटी मुद्दाम घातलेली असे, ती पिनेला घासून खाचेच्या मापाची करी. म्हणूनच एका बाजूला एक पिन असा दंडक होता आणि 200 पिनांच्या चिमुकल्या डब्या मिळत. आपल्या ट्रंकेतल्या डबीत पिना असतील तर त्या बहुधा वापरलेल्याच आहेत, कारण टाकवत नाही म्हणून झिजलेली पिन पुन्हा डबीत ठेवण्याची खोड आपल्याकडे घरोघर होती. अशी झिजलेली पिन खाचेतून जाताना गाण्याचा वरचा नाजूक भाग खरवडून काढते, आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांची गती असलेल्या आधुनिक टर्नटेबलवरच वाजवावी. तिथे भार तीन ते पाच ग्रॅमच लागतो, मात्र सुई जुन्या खाचेची, म्हणजे साधारण 75 मायक्रॉन रुंद टोकाची हवी. एलपीची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तिथली धूळ ऐकवते.

धुण्याबद्दल मी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे आपण ती करणार नाही. उमेदवारीच्या दिवसांत टेप-रेकॉर्डरचे हेड ज्या स्पिरिटने पुसत असे, त्याच स्पिरिटच्या बोळ्याने मी एका गिऱ्हाइकाची पोवाड्याची तबकडी पुसली. कापूस काळाकुट्ट निघाला तेव्हा किती घाण होती म्हणून मी खूश झालो. दुसरा आणि तिसरा बोळाही तितकाच काळा निघाला तेव्हा अंगावर काटा आला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि मी धूळ समजून पोवाडाच पुसून काढत होतो. त्या तबकडीच्या शेवटच्या दोन ओळी अजून ऐकू येतात, बाकी नुसती खरखर आहे. तेव्हा फक्त शुद्ध केलेले, म्हणजे बॅटरीत घालतात तसले पाणी आणि त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घ्यावेत, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि सावलीत उभे करून वाळवावे. ठेवतानाही तबकड्या उभ्याच ठेवाव्यात. एकावर एक रचलेल्या तबकड्या स्वतःच्या वजनाने वाकतात, आणि आपल्या भागातल्या पावसाळी दमटपणात कागदी पाकिटांना बुरशी धरते.

गतीचा मुद्दा बारीक वाटतो, पण गाणे ऐकणाऱ्याने तो सोडू नये. 78 हा आकडा पुढे स्थिरावला. त्याआधी यंत्रे कधी 74 तर कधी 80 च्या आसपास फिरत. 74 फेऱ्यांनी नोंदलेले गाणे 78 ने वाजवले तर ते जवळजवळ एक अर्धस्वर वर चढते, लयही धावते, आणि भरदार आवाजाचा शाहीर चिरक्या आवाजाचा वाटू लागतो. जुन्या लोकांचे आवाज चोरटे आणि नाकातले होते, असे जे सर्रास बोलले जाते त्यातला मोठा वाटा चुकीच्या गतीचा आहे. टर्नटेबलची स्वतःची गती तपासायला 77 रेघांची पट्टेदार चकती मिळते. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या बल्बखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की गती 77.92 झाली असे समजावे. त्यानंतर मात्र कानच वापरावा लागतो. साथीला पेटी असेल तर मी तिची पट्टी ओळखून गती हळूहळू हलवतो. नुसते तुणतुणे असेल तर त्याच गायकाची दुसरी तबकडी शेजारी ठेवून आवाजाचा पोत जुळवावा लागतो, आणि यात कधी कधी अख्खी दुपार जाते.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी त्या तबकडीवर गाणे पोचले कसे, हे थोडे पाहावे लागेल.

फ्रेडरिक गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने 1902 च्या नोव्हेंबरात कोलकात्यात ध्वनिमुद्रणे केली आणि गौहर जान यांच्या गाण्यापासून आपल्या देशातले व्यापारी ध्वनिमुद्रण खऱ्या अर्थाने सुरू झाले. मूळ मुद्रा जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथून तबकड्या छापून येत. तिथल्या कामगारांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गाणारा शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे. 1908 मध्ये कोलकात्याला सियालदह येथे कारखाना निघाला तरी ही सवय काही काळ टिकली. आपल्या ट्रंकेत अशी शेवटी नाव सांगणारी एखादी तबकडी असेल, तर ती सगळ्यांत आधी बाजूला काढा. कागदी लेबलावरच्या नावापेक्षा ते बोललेले नाव आणि कागदाच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला आकडा अधिक विश्वासाचा असतो. लेबलावर नावे बदलत: धारवाड-हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या होत्या, आणि त्यांत मराठी भावगीतेही होती.

1925 च्या सुमारास विजेचे मायक्रोफोन येईपर्यंत सगळे ध्वनिमुद्रण कर्ण्यात होत असे. कर्ण्याला साधारण 2,000 ते 2,500 हर्ट्झच्या वरचे फारसे पकडता येत नसे. झांजेची चमक, तुणतुण्याच्या तारेची झिणझिण आणि संबळाच्या काडीचा कडकडाट यांतले बरेचसे त्याच्या वरच राहते. उलट मोठा धक्का आला तर कोरणारी सुई खाच सोडून उडे, म्हणून ढोलासारखे वाद्य दूर कोपऱ्यात ठेवावे लागे किंवा वगळावेच लागे. मग त्याची जागा पेटी घेई, तबला घेई, कधी क्लॅरिनेट घेई. आज आपण एखादे जुने ‘लोकगीत’ ऐकून म्हणतो की त्या काळी गोंधळातही पेटी होती, तेव्हा खरे तर कर्ण्याला काय मानवत होते हे आपण सांगत असतो, गोंधळी काय वाजवत होते हे नव्हे.

वेळेचे बंधन याहून कडक होते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे बसत, बारा इंचीला चार-साडेचार. आता आपल्या भागातला लग्नानंतरचा गोंधळ डोळ्यांपुढे आणा. चौक मांडला जातो, घट बसतो, दिवटी पेटते, आणि मग आवाहन सुरू होते: तुळजापूरच्या भवानीने यावे, कोल्हापूरच्या अंबाबाईने यावे, जोतिबाने यावे, सौंदत्तीच्या यल्लम्माने यावे, चिंचलीच्या मायाक्काने यावे. त्यानंतर गावदेव, शिवेवरचे देव, जमलेल्या पाहुण्यांपैकी कुणाच्या घरचे कुठले कुलदैवत असेल तेही. उचगावच्या बाजूला मी ऐकलेल्या एका गोंधळात नुसते हे आवाहनच अर्धा तास चालले होते, कारण पाहुणे गडहिंग्लजपासून बैलहोंगलपर्यंतचे होते आणि मुख्य गोंधळ्याने एकाही घराला वगळले नाही. त्याच्या पुढे आख्यान आणि पहाटे आरती. तबकडीच्या तीन मिनिटांत यातली आवाहनाची चार नावे येतात. ती नेहमी महाराष्ट्रातल्या मोठ्या क्षेत्रांची असतात, कारण तबकडी जिथे विकायची तिथे तीच ओळखीची. आपले गावदेव तिथे गळतात. पण समोर बसलेल्यांची नावे विचारून रचलेली ती यादी हाच तर आवाहनाचा गाभा आहे.

माझ्या मते आपल्या सीमाभागाचे सर्वांत मोठे नुकसान मात्र कर्ण्याने किंवा वेळेने झाले नाही. ते कंपन्यांच्या सूचिपत्रांनी झाले. तबकड्यांच्या सूच्या भाषावार छापल्या जात. लेबलावर ‘मराठी’ तरी लिहिलेले असे किंवा ‘कॅनरीज’ तरी. आपल्या इथले गाणे या दोन खणांत बसणारे नव्हतेच. सौंदत्तीच्या वाटेवर जोगत्यांचा मेळा कोल्हापूरकडच्या भक्तांत बसला की ‘उदं गं आई उदं’ म्हणतो, आणि तोच मेळा पलीकडच्या झाडाखाली धारवाडकडच्या माणसांत गेला की ‘उधो उधो’ होते. चाल तीच राहते, चौंडक्याचा, म्हणजे जोगत्यांच्या तारेच्या तालवाद्याचा, ठेका तोच राहतो, आणि मधली कथा कधी कधी एका कडव्यात मराठी, पुढच्यात कन्नड अशी चालते. ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या तबकड्यांत असे दुभाषी गाणे मला एकही सापडलेले नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गायकाला एक भाषा निवडावी लागली असणार, आणि ज्यांना ती निवडता आली नाही ते खोलीपर्यंत पोचलेच नसावेत.

शाहिरीचेही तेच आहे. आपल्याकडे कलगी आणि तुरा असे दोन पक्ष आहेत: कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर सवाल-जवाब चालतात. गोकाक, बैलहोंगलच्या बाजूला हाच वाद कन्नडमध्ये नागेशी आणि हरदेशी या नावांनी गीगी पदांत चालतो. नागेशी म्हणजे कलगी, हरदेशी म्हणजे तुरा. डफ आणि तुणतुणे दोन्हीकडे आहेत. मराठी शाहिराच्या पाठीमागचे झिलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, तर कन्नड गाणाऱ्यांचे पाठीराखे ‘गी गी’ धरतात. दोन रात्री लागोपाठ दोन्ही ऐकल्या तर कान आपोआप एक सलग परंपरा जोडतो. तबकड्यांच्या दुनियेत मात्र एक ‘पोवाडा’ या मथळ्याखाली आहे आणि दुसरे पद दुसऱ्याच सूचिपत्रात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या संग्राहकाकडे पहिला असतो आणि दुसऱ्याचे नावही त्याला ठाऊक नसते. नाटकाच्या बाबतीत तरी ही देवघेव थोडी नोंदली गेली, कारण संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेच मुळी आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1843 चा, आणि त्यांच्या पदांत कन्नड चालींचा सहज वावर आहे. गोकाक भागातला श्रीकृष्ण पारिजाताचा खेळ कुलगोड तम्मण्णा यांनी वाढवला आणि कौजलगी निंगम्मा यांनी गाजवला. तो समोर बसून ऐकला की नाट्यपदांच्या तबकड्या वेगळ्याच वाटू लागतात. हे मी सांगण्यापेक्षा आपण एकदा ऐकावे.

इथवर वाचून आपले मित्र म्हणतील की मग आमचेच खरे, तबकड्या फेकून द्या. त्यांनाही थोडे थांबवावे लागेल. आज जत्रेत जे ऐकू येते ते जुने आहे असे कुणी सांगितले? चामड्याची हलगी वाजवण्यापूर्वी चार काटक्यांच्या जाळावर शेकावी लागे. शेकल्यावर तिचा आवाज चढे आणि रात्र गार होत जाई तसा उतरे, म्हणून वाजवणारा मधेच उठून पुन्हा जाळाकडे जाई, आणि त्या विश्रांतीत कथा सांगणारा बोलून घेई. आताची फायबरची हलगी शेकावी लागत नाही. आवाज रात्रभर एकसारखा कडक राहतो, विश्रांती गेली आणि तिच्याबरोबर बोलणेही आटले. जोगत्यांच्या गाण्यात सिनेमाच्या चाली आल्या, भोंगे आले, आणि भोंग्यांमुळे गळ्याची जुनी फेक अनावश्यक झाली. हा बदल किती आणि कुठे झाला, हे मोजायला जुन्या तबकडीखेरीज दुसरे साधन नाही. कर्ण्याने झांज गाळली असली तरी शब्दफेक, मोकळ्या मैदानासाठी लावलेला आवाज, कडव्याच्या शेवटी स्वर सोडण्याची पद्धत आणि लय यांचा पुरावा तिच्यावर आहे. म्हणून मी तबकडी ऐकतो ती या तीन-चार गोष्टींसाठी. वाद्ये, लांबी आणि भाषा यांच्या बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

तबकडी आणि माणूस यांचे नाते कसे असू शकते याचे आपल्या जिल्ह्यातले मोठे उदाहरण सुळेभावीचे आहे. तिथे 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा तबकड्यांवरची मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणून दाखवी, आणि त्यावरूनच त्याला लहानपणी कुमार गंधर्व म्हणू लागले. तोच पुढे आजारपणात देवासला राहिला, खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळव्याच्या बायकांची गाणी ऐकत राहिला, ती टिपून घेतली आणि त्या धुनांतून राग उभे केले. एकाच कानाने दोन्ही शाळा केल्या. मला यात नेहमी एक हळहळ वाटते ती अशी की ज्या कानाने माळव्याची गाणी वेचली, त्याने सुळेभावीच्या आसपासचे चौंडकेही लहानपणी ऐकलेच असणार. पण हे विषयांतर झाले.

आपल्या ट्रंकेतला खरा ऐवज, माझ्या अंदाजाने, त्या कॅसेट आहेत, ज्यांचा आपण पत्रात एका ओळीत उल्लेख केला आहे. साठातल्या पन्नास तबकड्या कुठल्या ना कुठल्या संग्रहात दुसऱ्या प्रतीने सापडतील. घरी भरलेली कॅसेट जगात एकच असते. 1980 च्या दशकात टेप-रेकॉर्डर स्वस्त झाला तेव्हा प्रथमच गाण्याला तीन मिनिटांची आणि एका भाषेची अट उरली नाही. बाजूला 30 किंवा 45 मिनिटे मिळत, यंत्र गावातच असे, आणि कुणी सूचिपत्र छापत नव्हते. भजनी मंडळाच्या वारकरी भजनांच्या, मोहरमच्या कर्बल पदांच्या, बारशाच्या पाळण्यांच्या आणि धनगरांच्या ओव्यांच्या कॅसेट मी अशाच ट्रंकांतून ऐकल्या आहेत. काही कॅसेटवर आकाशवाणीचे धारवाड किंवा सांगली केंद्र लावून भरलेले असते. धारवाड केंद्र 1950 चे आणि सांगली 1963 चे, आणि आपल्याकडे दोन्ही लागत. मधे निवेदकाचा आवाज, बातम्यांचा तुकडा किंवा बाजारभाव आला असेल तर तो पुसू नका, त्यावरूनच साल काढता येते.

कॅसेट वाजवण्याआधी पाठीवरच्या दोन खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी काही पुसले जाणार नाही. आत नखाएवढी नमद्याची गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज दबका येतो, पण गादी दुसऱ्या कॅसेटमधून काढून लावता येते. वर्षानुवर्षे न फिरलेली फीत आधी एकदा सावकाश पुढे-मागे गुंडाळून घ्यावी. वाजवणाऱ्या यंत्राचे हेड ज्या यंत्रावर भरले त्याच्या हेडच्या कोनाशी जुळत नसेल तर सगळे गाणे घोंगडीखालून आल्यासारखे वाटते. हेडच्या शेजारचा लहान स्क्रू किंचित फिरवून, झांज सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तिथे थांबावे. हे काम हाताला सवय असलेल्या माणसाकडून करून घेतलेले बरे. बुरशीची पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट अजिबात वाजवू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर यंत्रातून ती बाकीच्यांना लागते. उतरवताना 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झ ठेवा, मूळ प्रत हात न लावता जपा, आणि आवाज साफ करण्याचे प्रयोग तिच्या नकलेवर करा.

साफसफाईच्या या प्रयोगांबद्दल माझे मत कडवट आहे, आणि त्याला कारण आहे. माझ्या आजीच्या ओव्या मी 1990 च्या सुमारास भरायला बसलो. मागे घरघर नको म्हणून तिला सोप्यात खुर्चीवर बसवले, माइक धरला, आणि तिला एकही ओवी आठवेना. ती म्हणाली, ‘जातं फिरल्याबिगर ववी कुठनं याची रे?’ मग पायली जोंधळे आणले, जाते लावले, आणि ती थांबेचना. कॅसेटची एक बाजू संपली हे मला दळण संपल्यावर कळले. पुढे संगणक आला तेव्हा मोठ्या हौसेने मी ती फीत आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली. त्याने एकसारखी चालणारी घरघर हा बिघाड समजून जाते काढून टाकले, आणि उरलेली आजी विहिरीतून बोलल्यासारखी वाटू लागली. ओवीतला श्वास जात्याच्या फेऱ्यावर बेतलेला असतो. फेरा गेला की ती ओढ कशासाठी आहे हेच कळत नाही. झांज, कैताळ (मोठी झांज) आणि तुणतुणे यांनाही हे प्रोग्रॅम खरखर समजतात. कर्ण्याने जे नाइलाजाने गाळले तेच आपण आता हौसेने गाळतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. तशी चिकाटी सगळ्यांना साधणार नाही, पण जाते ठेवून एक कॅसेट जपणे कुणालाही साधेल.

प्रत्यक्ष ऐकायला कुठे जावे, याचे उत्तर आपल्याला निपाणीत बसून माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात लिहितो. सौंदत्तीला पौष आणि माघ पौर्णिमेला लोटणारी गर्दी पाहावी, पण ऐकण्यासाठी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी जावे. तेव्हा गाड्या उतरत असतात, मेळे तळावर बसलेले असतात, भोंगे दूर असतात, आणि चौंडके हाताच्या अंतरावर ऐकता येते. एका तोंडाला चामडे मढवलेले ते लाकडी नळकांडे काखेत दाबून, चामड्यातून निघालेली तार दुसऱ्या हाताच्या मुठीत ताणत-सैल करत छेडतात, त्यामुळे ठेक्यातच स्वर चढतो आणि उतरतो. लेबलावर ‘ढोलकी’ लिहून कुठल्याही तबकडीला हे देता आले नसते. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्काच्या माघातल्या जत्रेत धनगरांचे ढोल ऐकावेत. तिथे मात्र जवळ बसू नका, वीस-तीस पावले मागे राहा, म्हणजे ढोल आणि कैताळ वेगळे कळतात. नंदगडला, जिथे संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये फाशी दिले, त्याच्यावरची कन्नड पदे गाणारे लोक येतात, आणि ऐकणारे गाव बरेचसे मराठी आहे.

आपल्याला स्वतः ध्वनिमुद्रण करायचे असेल तर मोबाइल चालेल, पण त्यातली आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद करता येणारे ॲप घ्या. नाहीतर संबळाचा प्रत्येक कडकडाट आला की गाणाऱ्याचा आवाज खाली दबला जातो. यंत्र भोंग्यापुढे ठेवू नका, गाणाऱ्यापासून दोन-तीन मीटरवर, कमरेच्या उंचीवर ठेवा. सर्वांत मोठ्या ठोक्यालाही काटा वरच्या टोकापासून बराच खाली राहील, इतकी पातळी आधीच कमी करा. गाणे सुरू झाल्यावर बटण दाबू नका; हलगी शेकत असतील, तारा जुळवत असतील, कोण कुठल्या गावचे हे विचारत असतील, तेव्हापासून चालू ठेवा आणि शेवटच्या आरतीनंतर चहा होईपर्यंत बंद करू नका. संपल्यावर स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, प्रसंग, गाणाऱ्यांची नावे, वाद्ये आणि कुठले कडवे कुठल्या भाषेत होते, एवढे बोलून ठेवा. हॅनोव्हरच्या कामगारांसाठी जुने गवई जे करत, तेच हे आहे.

परवानगीचा प्रश्न देवीच्या गाण्यांत नाजूक आहे. जोगते आणि जोगतिणींच्या आयुष्यामागे देवीला सोडण्याच्या प्रथेचे ओझे आहे. कर्नाटकाने त्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा 1982 मध्ये केला, पण ज्यांना आधीच सोडले गेले त्यांचे गाणे हेच त्यांचे पोट आहे. त्यांना ‘अहो’ म्हणावे, बिदागी आधी ठरवावी, आणि परडी पुढे केली तर तीत वेगळे टाकावे, बिदागीतून वजा करू नये. काही पदे देवकार्याखेरीज म्हणायची नसतात; तसे सांगितले तर यंत्र त्यांच्यासमोर बंद करून दाखवावे. मंजम्मा जोगती यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून लोक कॅमेरे घेऊन जास्त येतात, असे तळावर मी पुष्कळदा ऐकले. उतरवलेल्याची प्रत परत नेऊन देणारे मात्र थोडे आहेत. मी पेन ड्राइव्हवर देतो, आणि पुढच्या वर्षी तेच लोक मला आपणहून हाक मारून बसवतात.

शेवटी आपण त्या चिरलेल्या तबकडीबद्दल विचारले आहे, जिच्यावरचा कागद फाटला आहे आणि आजोबांनी जी वेगळ्या फडक्यात बांधून ठेवली होती. ती चिकटवू नका, डिंकाने तर नकोच. चिरेची दोन्ही अंगे सरळ आहेत तोवर हलकी सुई तिच्यावरून जाते, आणि प्रत्येक फेऱ्याला एक, म्हणजे सेकंदाला 1.3 वेळा, टक असा आवाज येतो. तेवढा टक संगणकावर एकेक करून काढता येतो. तिला दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून चारी बाजूंनी सैल नाडी बांधा, आडवी ठेवून इकडे आणा, आणि त्या फडक्यावर किंवा त्याच्या गाठीत काही लिहिलेले असेल तर तेही फडक्यासकट घेऊन या.